लुरेनीबाईच्या भजनातलं खेचर

एस्टिल फुगेट कुणाच्या मयताचा निरोप घेऊन आला तरी लोक आधी हसून घेत आणि मग विचारत, गेलं कोण. यात त्याचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा त्याच्या चेहऱ्याचा. लांबुडका जबडा, दोन्ही बाजूंना फाकलेले कान आणि डोळ्यांत कायम असं पाणी, की आत्ताच कुणीतरी चुलीचा धूर त्याच्या तोंडावर सोडलाय. असा माणूस रडायला लागला की समोरच्याला हसू आवरत नाही. एस्टिलने हे सतराव्या वर्षीच ओळखलं आणि त्यावर पोट भरायचं ठरवलं.

आमच्या केंटकीच्या डोंगरात तेव्हा, म्हणजे सत्तावन सालाच्या सुमाराला, बाप्याला पोट भरायच्या वाटा दोनच. एक खाली खाणीत जायची, दुसरी वर उत्तरेकडे मोटारींच्या कारखान्यांत. एस्टिल दोन्हीकडे गेला नाही. कोर्टाच्या गावी लोखंडी सामानाच्या दुकानावर माडी होती, माडीवर रेडिओ केंद्र होतं. तिथे रोज दुपारी बाराला, सगळं खोरं जेवायला बसलं की, एस्टिल मँडोलिन घेऊन आणि होबर्ट नीस गिटार घेऊन एकाच मायक्रोफोनपुढे दाटीवाटीने उभे राहत. जोडीचं नाव ‘शक आणि कॉब’. शक म्हणजे मक्याच्या कणसाचं साल आणि कॉब म्हणजे दाणे काढून उरलेलं बुरकुंड. कागद महाग होता तेव्हा या दोन्ही वस्तू आमच्याकडे परसाकडच्या खोपटात पुसायला हाताशी ठेवलेल्या असत. त्यामुळे नुसतं नाव ऐकूनच लोकांना कळे, की हे दोघं गाण्यांचं काय करणार आहेत.

नॅशव्हिलहून चकचकीत कोटवाले गायक रडकी गाणी सोडत आणि हे दोघं ती उलटी करून खोऱ्याला वाढत. एस्टिलची पद्धत ठरलेली होती. नवी तबकडी आली की तो ती तीनदा ऐके आणि पेन्सिलीने खुणा करी. इथे गळा दाटतो, इथे आवाज फाटतो, इथे बाया एप्रनने डोळे पुसतात. मग बरोब्बर त्या खुणेवर एखादं जनावर नेऊन बांधायचं. बाकी गाण्याला हात लावायचा नाही. चाल तीच, रडणंही तेच, किंबहुना मूळ गायकापेक्षा दोन आसवं जास्तच. होबर्ट गोलमटोल, कायम झोपेतून उठल्यासारखा. त्याचं काम गिटार वाजवायचं आणि जनावर आलं की त्या जनावराचा आवाज काढायचा. कोंबडी, डुक्कर आणि खेचर, या तीन आवाजांच्या जोरावर तो आमच्या खोऱ्यात आमदारापेक्षा जास्त ओळखला जायचा.

चर्चच्या गाण्यांना मात्र एस्टिल शिवत नसे. देवाच्या धाकाने नव्हे, आईच्या. लुरेनीबाई ओसरीवर बसून शेंगा दोऱ्यात ओवायची, शेजारी रेडिओ लावलेला. पोराचा कार्यक्रम तिने एक दिवस चुकवला नाही आणि एक दिवस ती हसली नाही.

“आवडलं का गं?” संध्याकाळी घरी आला की एस्टिल विचारायचा.

“चाल चांगली होती. तू ती एकदा सरळ का म्हणत नाहीस?”

“सरळ म्हटली तर मला ऐकणार कोण?”

“मी,” लुरेनीबाई म्हणायची आणि पुढची शेंग ओवायची.

छपन्नच्या ऑक्टोबरात ती अंथरुणाला खिळली. जाण्याआधी तिने दोन माणसांना बोलावून घेतलं, एस्टिलला आणि तिचा धाकटा भाऊ एल्झी गेहार्ट याला. एल्झीमामा चर्चचा प्रमुख. त्याच्यासमोर ती पोराला म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्यात माझी स्मरणसभा होईल. तेव्हा माझं गाणं तू सांगायचं. आणि सरळ सांगायचं. एक अक्षर वाकडं केलंस तर बघ.” तिसऱ्या दिवशी ती गेली, त्यामुळे काय बघायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

‘गाणं सांगायचं’ ही आमच्याकडे मोठी मानाची गोष्ट. आमच्या जुन्या वळणाच्या बाप्टिस्टांत वाद्य चालत नाही. एक माणूस उभा राहतो, ओळ भराभर सांगतो, आणि सगळी सभा डोळे मिटून तीच ओळ ओढून ओढून गाते. एका ओळीला एकेकदा मिनिटभर लागतं. मग तो दुसरी ओळ सांगतो. सांगणारा जे सांगेल ते गायचं, हा दोन-अडीचशे वर्षांचा नेम. त्यात कुणी शंका काढत नाही. आणि रेडिओवर गाढवपणा करणाऱ्याने तिथे उभं राहायचं हे तर त्या चर्चच्या इतिहासात झालं नव्हतं.

“रेडिओ म्हणजे सैतानाचा घसा,” एल्झीमामाने एस्टिलला अंगणातच सुनावलं. “आणि तू त्या घशातली खाकर. पण बहिणीचा शब्द आहे, मला मोडता येत नाही. एकदा उभा राहा. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुन्हा त्या जागेवर तुझी सावलीसुद्धा पडणार नाही. तुझ्या आईच्या नावाने तर नाहीच नाही.”

“मामा, गाणं चार कडव्यांचं आहे. लहानपणापासून पाठ आहे.”

“पाठ आहे तीच भीती आहे,” मामा म्हणाला. या एका बाबतीत तो बरोबर होता.

गाणं असं होतं. पहिली ओळ, ‘नदीपार दिसलं मला माझंच ते घर’, दुसरी, ‘थकले रे पाय माझे, हात माझा धर’. त्यात काही अवघड नव्हतं. पण फेब्रुवारीत नॅशव्हिलच्या एका गायकाने, कोटावरच्या काचांमुळे ज्याच्याकडे उन्हात बघवत नसे अशाने, नवं गाणं सोडलं. त्याची चाल अथपासून इतिपर्यंत लुरेनीबाईच्या गाण्याची. आमच्याच डोंगरातली, आमच्याच चर्चमधून उचललेली, वर चार व्हायोलिनं चोपडून आम्हालाच परत विकलेली. शब्दही फारसे लांब गेलेले नव्हते. ‘खिडकीपार दिसलं मला माझंच ते घर, तुझ्यासंगे दुजा कोणी, फाटलं अंतर.’ सगळं राज्य त्या गाण्यावर रडत होतं.

आता एस्टिलने काय करायला हवं होतं? सोडून द्यायला हवं होतं. होबर्ट तसं म्हणालाही, “राहू दे रे, आईच्या गाण्याची चाल आहे.” पण ‘घर’ या शब्दावर गायकाचा गळा असा काही दाटला होता, की तिथे जनावर न बांधणं म्हणजे धंद्याशी बेइमानी. एस्टिलने पेन्सिल उचलली.

कुंपणापार दिसलं मला माझंच खेचर,
शेजाऱ्याचा नांगर ओढी, लाज नाही तिळभर.

आणि पाठोपाठ होबर्टचं खेचर खिंकाळायचं. शक आणि कॉब यांचं एवढं गाजलेलं गाणं दुसरं नाही. खाणीतली माणसं पाळी सुटताना ते म्हणत वर यायची. शेरीफने ते कोर्टात गुणगुणल्याचं बोललं जाई. मार्च ते ऑगस्ट, आठवड्याला सहा दिवस, एस्टिलने ते खेचर त्या कुंपणाला बांधलं.

सभेचा ऑगस्ट महिना तोंडावर आला तेव्हा त्याने आईचं गाणं म्हणून बघितलं. ‘माझंच’ म्हणेपर्यंत ठीक. पुढे तोंड आपलं आपण खेचराकडे वळलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा खेचर. होबर्ट समोर बसून मोजत होता.

“दहापैकी सात,” तो म्हणाला.

“सात वेळा घर?”

“सात वेळा खेचर. आणि एकदा तर मीही खिंकाळलो, मला कळलंसुद्धा नाही.”

“तू त्या दिवशी येऊ नकोस.”

“लुरेनीकाकू माझीही कुणीतरी होती. येणार. तोंड मिटून बसेन.”

सभेपर्यंत एस्टिल रोज सकाळी घोकत होता. घर, घर, घर. बहीण ओमाताई म्हणाली, “एवढं घर घर तर तू लग्न झाल्यावर बायकोसाठीही केलं नाहीस.” हळूहळू दहापैकी नऊ वेळा घर यायला लागलं. दहाव्याची त्याला काळजी होती, पण दहाव्यांदा म्हणायचंच कुठे होतं. एकदाच म्हणायचं होतं.

सभा रविवारी सकाळी, टेकडीवरच्या कबरस्तानाशेजारच्या मांडवात. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, पायघोळ झगे, आयुष्यात कधी न कापलेले केस. पलीकडे फळ्यांच्या मेजांवर झाकून ठेवलेलं जेवण, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, वाळवलेल्या शेंगांची भाजी, वाळल्या सफरचंदांचा थराथरांचा केक. तीन उपदेशकांनी मिळून दोन तास लोकांना नरक दाखवून आणला. मग एल्झीमामा उठला आणि म्हणाला, “आमच्या लुरेनीचं गाणं तिचा मुलगा सांगेल.” ‘मुलगा’ हा शब्द त्याने असा उच्चारला, जशी दात दुखणाऱ्याने घास चावताना ती बाजू चुकवावी.

एस्टिल उभा राहिला. समोर ऐंशी माणसं, डोळे मिटलेली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं, म्हणून कुणी हसतही नव्हतं. त्याला एकदम बरं वाटलं. आई आठवली, ओसरी आठवली, ओवलेल्या शेंगा आठवल्या, गळा खरोखर दाटून आला. आणि घात तिथेच झाला. कारण गळा दाटला की जनावर बांधायचं, हे त्या गळ्याला वीस वर्षांपासून शिकवलेलं होतं.

“नदीपार दिसलं मला माझंच खेचर,” एस्टिलने खणखणीत सांगितलं.

आणि सभेने गायला घेतलं. नेम म्हणजे नेम. ऐंशी माणसांनी छाती भरून, डोळे मिटून, अडीचशे वर्षांच्या सगळ्या दुःखासकट ‘न-दी-पा-र’ उचललं आणि सावकाश, फार सावकाश, ते खेचराच्या दिशेने निघाले. एस्टिलला ते येताना दिसत होतं. घाटात ब्रेक निकामी झालेला कोळशाचा ट्रक वरून येताना दिसावा आणि आपला पाय पुलाच्या फळ्यांत अडकलेला असावा, तसं. ‘मा-झं-च’ आलं. आणि मग ‘खे’. ‘खे’ वर त्यांनी तीन वळणं घेतली. ‘च’ वर एक म्हातारा थरथरला. ‘र’ कबरस्तानावरून पलीकडच्या टेकडीला लागून परत आला.

शेवटच्या बाकावर होबर्ट मोठ्या हिमतीने तोंड मिटून बसला होता. पण खेचर आल्यावर तो काय करणार. त्याच्या घशातून अर्धं खिंकाळणं निसटलं, उरलेलं त्याने टोपीत दाबलं. आजूबाजूच्यांना तो हुंदका वाटला. दोघांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

एस्टिलने सभेवर नजर टाकली. कुणी हसलं नाही. काही खांदे हलत होते, पण त्या चर्चमध्ये रडणारा खांदा आणि हसणारा खांदा यांत फरक करणं त्यालाही जमलं नसतं, आणि तो या धंद्यातला माणूस. हसायचं तरी कसं? ज्याला ते गाणं ओळखू आलं तो रेडिओ ऐकतो हे सिद्ध झालं असतं. आणि त्या चर्चमध्ये रेडिओ कुणीच ऐकत नव्हतं. विचारून बघा.

दुसरी ओळ सांगायची वेळ आली. एस्टिलने जीव मुठीत धरून खरी ओळ सांगितली, “थकले रे पाय माझे, हात माझा धर.” सभेने ती गायली. उरलेली तीन कडवी घोटाळ्याशिवाय पार पडली. बाया ढसाढसा रडल्या. एस्टिल खाली बसला आणि आता हाड कुठून मोडेल याची वाट बघू लागला.

पहिली आली ती अर्मिंटाबाई. वय ऐंशीच्या पुढे, चर्चमध्ये तिच्या शब्दाला वजन. तिने एस्टिलचे दोन्ही हात धरले.

“पोरा, हे जुन्या पुस्तकातलं कडवं ना? मी आजवर नुसतं घरच ऐकत आले.”

“काकू, ते खरं तर...”

“मला कायम वाटायचं, गाण्यात काहीतरी राहिलंय. थकलेल्या माणसाला लांबून घर दाखवून काय उपयोग? चालत कोण जाणार? देव पलीकडून खेचर पाठवतो, तेही आपलंच, सवयीचं. माझ्या बापाचं होतं, बेक नावाचं. वीस साली खाणीत मेलं.” आणि ती पुन्हा रडू लागली.

एस्टिलला ते ऐकवेना. तो सांगायला उठला. उभं राहून सांगायचं, भाऊ-बहिणींनो, चुकलो, पुन्हा एकदा सरळ सांगतो. तेवढ्यात एल्झीमामाने त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत मेजांच्या पलीकडे नेलं. होबर्ट मागोमाग आला, हातात कोंबडीची तंगडी घेऊन.

“नालायका,” मामा दात आवळून म्हणाला. “आईच्या कबरीसमोर? ते तुझं कुंपणावरचं, नांगराचं, ते...”

“मामा,” एस्टिल हळूच म्हणाला, “मी नांगराचं नाव कुठे घेतलं?”

मामाचा हात दंडावरून सुटला.

“नांगर दुसऱ्या ओळीत आहे. ती मी सांगितलीच नाही.”

“मला कुणीतरी सांगितलं होतं.”

“कोणी?”

“तुझ्या मामीने.”

“मामीला दहा वर्षं ऐकू येत नाही,” होबर्ट तंगडी चघळत म्हणाला. “एल्झीभाऊ, तुमच्या नव्या ट्रकला रेडिओ आहे ना? तरीच तुम्ही बाराच्या ठोक्याला गोठ्यामागे ट्रकमध्ये जाऊन बसता. जुलैच्या उकाड्यात, काचा वर करून.”

“हिशेब... चर्चच्या कामाचा विचार करत असतो मी तिथे.”

“साडेबारापर्यंतच?”

मामाने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मग एस्टिल म्हणाला, “मामा, मला जाऊ द्या. आईने सांगितलं होतं सरळ सांग म्हणून. मी आत्ता सगळ्यांना खरं सांगतो आणि पुन्हा म्हणतो. मग हवं तर मला हाकला.”

“काय सांगणार तू?” मामाचा आवाज आता बराच खाली आला होता. “माझी अख्खी मंडळी त्या खेचरासाठी रडली आहे. अर्मिंटाबाईला तिचा बाप दिसला. त्यांना सांगणार, की बायांनो, तुम्ही रेडिओवरच्या चेष्टेला रडलात? आणि मग कुणीतरी विचारेल, एल्झीभाऊ, तुम्ही मध्येच थांबवलं का नाही. तेव्हा मी काय सांगू? गप्प बस. जुनं कडवं आहे. माझ्या आजोबांच्या तोंडी मी ऐकलंय.”

“ऐकलंय?”

“आता ऐकलंय,” मामा म्हणाला आणि केकच्या मेजाकडे निघून गेला.

तर अशी लुरेनीबाईच्या गाण्यात दुरुस्ती झाली. बंदी घालायचं सोडून मामाने एस्टिलला पुढच्या वर्षीचंही आमंत्रण दिलं, म्हणजे तोंड बंद राहावं. हिवाळ्यात ते खेचर डोंगर ओलांडून शेजारच्या चार चर्चमध्ये पोचलं. मार्चमध्ये रेडिओ केंद्रावर पत्रं यायला लागली. केंद्राच्या साहेबाने त्यांतलं एक मोठ्याने वाचून दाखवलं.

“‘आम्ही आपला कार्यक्रम ऐकत नाही. तरी रविवार सोडून रोज बारा वाजून दहा मिनिटांनी आपले दोन विदूषक आमच्या पवित्र भजनातल्या खेचराची टिंगल करतात हे बरे नव्हे.’ अशी सतरा आहेत. गाणं बंद करा.”

“पण खेचर माझं आहे,” एस्टिल म्हणाला. “मी बांधलंय ते तिथे.”

“होतं,” साहेब म्हणाला.

होबर्टला सगळ्यात जास्त लागलं. त्याच्या तीन जनावरांतलं एक गेलं होतं. कोंबडी आणि डुक्कर यांच्यावर किती दिवस काढणार.

एस्टिलला मात्र गाणं गेल्याचं फारसं काही वाटलं नाही. उलट त्याच्या मनाने घेतलं, की आता बरं झालं. रोज खेचर म्हणायचं नाही म्हणजे जिभेची सवय सुटेल. येत्या ऑगस्टला आईचं गाणं आईने सांगितलं तसं होईल. मामा काय म्हणेल ते म्हणो. वर्षभर त्याने ‘घर’ घोकलं. शंभरपैकी शंभर.

दुसऱ्या वर्षी मांडवात गर्दी दुप्पट. आजूबाजूच्या खोऱ्यांतली माणसं खास ‘जुनं कडवं’ ऐकायला आली होती. एस्टिल उभा राहिला. या खेपेला गळा दाटू दिला नाही. सरळ उभा, सरळ मान, आणि दगडावर अक्षर कोरावं तसं त्याने सांगितलं, “नदीपार दिसलं मला माझंच ते घर.”

दीडशे माणसांनी छाती भरली, डोळे मिटले आणि ‘न-दी-पा-र’ उचललं. ‘मा-झं-च’ आलं. मग बायांच्या बाजूने, पहिल्या बाकावरून, अर्मिंटाबाईचा आवाज किंचित पुढे गेला आणि बाकीचे तिच्यामागून गेले. अडीचशे वर्षांत पहिल्यांदा सांगणाऱ्याने एक सांगितलं आणि सभेने दुसरं गायलं. ‘खे’ वर त्यांनी आता चार वळणं घेतली. एल्झीमामाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याने एक डोळा उघडून भाच्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली, चल, पुढची सांग.

एस्टिलने पुढची सांगितली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाच्या वेळी अर्मिंटाबाई काठी टेकत त्याच्यापाशी आली. रागावली नव्हती. वाईट वाटल्यासारखं बघत होती.

“गर्दी बघून गडबडलास ना? होतं असं. पण तुझ्या आईचं गाणं आहे, पोरा. तिची एवढीच इच्छा होती, तू ते सरळ सांगावंस. आम्ही सावरून घेतलं म्हणून बरं.”

होबर्टने केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि तो कबरींकडे बघत राहिला.

“हो, काकू,” एस्टिल म्हणाला. “पुढच्या वर्षी नीट सांगतो.”